पहिल्यांदाच कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन स्कॉटलंडच्या डोंगरात निघालात?

छान, जाच! फक्त आधी रस्ता नीट निवडा. ॲपलक्रॉस गावाकडे जाणारा बेलख ना बा घाट फोटोत भुरळ घालतो, पण उंची 626 मीटर, चढ 20 टक्क्यांपर्यंत आणि वर हेअरपिन वळणं. कॅराव्हॅन नेऊ नका, असा फलक पायथ्यालाच आहे. शील्डेग गावाकडून किनाऱ्याने ॲपलक्रॉसला येणारा रस्ता लांबचा, तोही अरुंदच, पण तोच घ्या. फोनवरचा नकाशा गाडीमागे काय जोडलंय हे बघत नाही.

मग नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- जड सामान मागे भरणं. कॅराव्हॅन डोलायला लागते. जड ते खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवा.
- उतारभर ब्रेकवर पाय. ब्रेक तापतात. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका.
- वळण आतून कापणं. कॅराव्हॅनची चाकं गाडीच्याही आतून जातात, दगडी कठडा तिथेच असतो.
- मागच्यांना अडवून धरणं. एकपदरी रस्त्यावर 'पासिंग प्लेस' (वाट देण्यासाठी रुंद केलेली जागा) डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर डावीकडेच थांबा. चढणाऱ्याला आधी वाट, हे आपल्या घाटासारखंच.

रिव्हर्स येत नसेल तर निघूच नका. एखादा रविवार रिकाम्या पार्किंगमध्ये घालवा. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. हात जिकडे, कॅराव्हॅन तिकडे. शेजारी बसलेल्याशी भांडण होईल, होऊ द्या.

स्टॅबिलायझर (कॅराव्हॅनचं डोलणं कमी करणारा), मूव्हर (गाडीशिवाय कॅराव्हॅन हलवणारी मोटर) वगैरे दुसऱ्या सहलीआधी बोलू.