ओंटारिओतलं घर आणि परभणीहून न्यायचं सामान

ताई, तुम्ही विचारलंय की यजमानांनी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात घर घेतलंय, तुम्ही आणि लेकरं थंडीच्या तोंडावर जाणार, सासूबाई मागाहून येणार. तर परभणीहून काय काय न्यावं आणि त्या घरात परकं वाटू नये म्हणून काय करावं. मी मूळची उदगीरची, आता इथं आमचं स्वतःचं घर आहे. जरा सविस्तरच लिहिते.

सोफा, पडदे, शोभेच्या वस्तू यांचा विचार वर्षभर बाजूला ठेवा. आधी स्वयंपाकघर आपल्या हाताला बसवा आणि घरात माणसांची ये-जा सुरू करा. बाकीचं त्यामागून येतं, असं मला मनापासून वाटतं.

यजमानांना आजच एक गोष्ट बघायला सांगा. शेगडीवरची चिमणी हवा घराबाहेर टाकते का? इथल्या बऱ्याच घरांत ती नुसती जाळीतून गाळून हवा परत खोलीतच सोडते. चिमणी चालू करून वर हात धरला आणि वारा लागला, तर समजा बाहेर जायला वाट नाही. अशा घरात काळा मसाला किंवा येसर भाजायला घेतलं की वास गालिच्यात, कोटांत, लेकरांच्या दप्तरात बसतो आणि हिवाळ्यात खिडक्या उघडता येत नाहीत. बाहेर पाइप काढून घेणं हा घरातला पहिला खर्च करा. धुराचा अलार्म मजल्या-मजल्यावर असणं इथं कायद्यानं सक्तीचं आहे. फोडणीनं तो वाजतो म्हणून काही जण बॅटरी काढून ठेवतात. तसं कधीच करू नका, घराचा सांगाडा लाकडी असतो.

भाकरीचं सांगते. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं, पण दळून किती दिवस झालेत ते कळत नाही. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना कडेनं चिरते. लहान पिशवी घ्या, फ्रीजरमध्ये ठेवा आणि पीठ उकळत्या पाण्यानं मळा. काचेची सपाट शेगडी असेल तर आपला खोलगट तवा तिच्यावर नीट टेकत नाही, मधेच तापतो. सपाट बुडाचा जाड लोखंडी तवा घ्या आणि भाकरी उलटल्यावर कापडानं कडा दाबत तव्यावरच फुगवा. घर गॅसवर तापत असेल तर परवानाधारक माणसाकडून शेगडीपर्यंत गॅसची लाइन ओढून घेता येते. मी तेच सुचवेन. वास्तूचं दूध उतू घालायचं असेल तर काचेच्या शेगडीवर नको, साखरेचं दूध करपून काचेला धरतं. छोटी विजेची शेगडी परातीत ठेवून तिच्यावर घाला.

मिक्सर आणू नका. तिकडं वीज २३० व्होल्टची, इथं १२० व्होल्टची. इथल्या विजेवर चालणारे भारतीय पद्धतीचे मिक्सर इथंच मिळतात. काठवट आणा, तिला इथं पर्याय नाही. समई, पूजेची भांडी, सासूबाईंच्या हातची गोधडी आणा. जे पहिल्या खेपेत येणार नाही, त्याचीही यादी विमानतळावर पहिल्यांदा उतरतानाच द्यायची असते. त्यासाठी बीएसएफ१८६ नावाचा फॉर्म आहे. ‘नंतर येणारं सामान’ त्यात लिहिलेलं असलं की मागाहून आलेल्या वापरातल्या वस्तूंवर कर लावत नाहीत. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या सोबत ठेवा.

अंगणातली तुळस मात्र नेता येणार नाही. भारतातली माती इथं आणायला बंदी आहे आणि रोपांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. वृंदावनातली चिमूटभर मातीसुद्धा नको, सासूबाईंना आधीच समजावून सांगा. तुळशीचं आणि कडीपत्त्याचं रोप उन्हाळ्यात इथल्या भारतीय दुकानांत मिळतं. मेअखेरीस दोन्ही बाहेर ठेवा, सप्टेंबरात रात्री गार पडू लागल्या की आत घ्या, दक्षिणेकडच्या खिडकीत. हिवाळ्यात पाणी कमीच घाला.

सासूबाईंच्या खोलीचा विचार त्या यायच्या आधीच करा. सुपर व्हिसावर, म्हणजे इथं स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांसाठी असलेल्या व्हिसावर, एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, म्हणजे ही पाहुण्यांची सोय नव्हे, त्यांचं राहणंच आहे. दुमजली घरांत झोपायच्या खोल्या बहुधा वर असतात आणि खाली नुसता संडास-बेसिन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना रोज नको होतो. तळघर रिकामं आहे म्हणून त्यांना तिथं ठेवू नका. ज्यांचा जन्म ओसरीवर आणि माळवदावर गेला, त्यांना तळघरात ऊन दिसत नाही आणि दारावर कोण आलं तेही कळत नाही. खाली जागा असेल तर एक खोली आणि शॉवर तिथंच करून घ्या.

बाथरूमबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. फरशीला मोरीसारखा उतार नसतो, पाणी जायला जाळीही नसते. बादली-तांब्यानं अंघोळ टबाच्या आतच करायची, पडदा टबाच्या आत सोडून. बाहेर सांडलेलं पाणी खालच्या खोलीच्या छतातून झिरपतं.

भिंतीही आपल्यासारख्या नाहीत. लाकडी खांबांवर जिप्समच्या पातळ फळ्या ठोकलेल्या असतात, त्यामुळं देवघर कुठंही टांगलं तर खिळा उपसून येतो. आतले खांब बहुधा १६ इंचांवर असतात. ते शोधायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. देवघर खांबातच ठोका. उंबऱ्याला पातळ लाकडी पट्टी बसवली की हळदीकुंकू लावायला जागा होते. बाहेरच्या पायरीवर हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकावं लागतं, रांगोळी टिकत नाही. मी दाराच्या आत पाट ठेवून त्याच्यावर काढते, चार ठिपक्यांची का होईना, रोज. आणि पुढच्या खोलीचा एक कोपरा फर्निचरविना मोकळा सोडा, भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करायला लागेल.

आता माणसं. शेजारी बर्फ काढताना आणि कचऱ्याच्या दिवशी भेटतात, तेव्हा आपणच पुढं होऊन बोलायचं. फराळाचं ताट द्या, पण आधी विचारा: शेंगदाणे चालतात का, तीळ चालतात का? इथं कित्येकांना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते. आपल्याकडं भाजीत, चटणीत, सगळीकडं दाण्याचा कूट. बऱ्याच शाळांत डब्यात शेंगदाणे नेऊ देत नाहीत, तर लेकरांच्या डब्यासाठी जवसाच्या किंवा खोबऱ्याच्या चटणीची सवय आत्तापासून लावा. टोरंटोजवळ असाल तर मराठी भाषिक मंडळात जा. पण दोन-तीन घरं अशी जोडा, की न कळवता जाता येईल.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, तिकडं शेतात, इथं त्या दिवसांत बर्फ. तरी आम्ही करतो. आंबील, भज्जी, उंडे, खीर. सतरंजी अंथरून पंगत. भज्जीसाठी हिरवी तूर आणि वाटाणा फ्रीझरमधला मिळतो, पालेभाजी ताजी मिळते. आमच्या लेकरांच्या शाळेतले मित्रही येतात आणि आंबील मागून पितात.

गावाकडं फोन कधी करायचा ते ठरवून टाका. उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा. तिकडं दिवेलागणीला सातला समई लागते, तेव्हा इथं उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ. शनिवार-रविवारी हीच वेळ धरा, चहा घेत बोलणं होतं. रात्री उशिरा केलेले फोन दोन्हीकडच्यांना थकवतात.

तुम्ही शहराचं नाव लिहिलेलं नाही. ते कळवा, आणि यजमानांना स्वयंपाकघराचे, चिमणीचे आणि खालच्या मजल्याचे फोटो पाठवायला सांगा. काय करता येईल ते बघून सांगते.