ट्यूनेचा दगड, तीन मुली आणि तुमचा टॅटू

तुमचा प्रश्न असा आहे: ऑस्लोच्या संग्रहालयात तुम्ही एक 'वायकिंग' शिलालेख पाहिला, त्यात 'तीन मुली' असं लिहिलंय असं कळलं, आणि तुम्ही तिघी बहिणी वडिलांच्या आठवणीसाठी ते दोन शब्द मनगटावर गोंदवून घेणार आहात. शब्द बरोबर आहेत का, त्यात काही मंत्रतंत्र आहे का, आणि त्यातला 'दोहत्रिझ' म्हणजे आपलंच संस्कृत 'दुहितृ' (मुलगी) का?

आधी 'वायकिंग' हा शब्द बाजूला ठेवू. वायकिंग काळ धरतात तो आठव्या शतकाच्या अखेरीपासून. हा दगड साधारण इ.स. ४००च्या आसपासचा, म्हणजे वायकिंगांच्या खापरपणजोबांच्याही आधीचा. भाषाही त्यांची नव्हे, तिची आई, प्रोटो-नॉर्स. लिपी तीच, 'रून' अक्षरांची, वाटली तरी ही जुनी चोवीस अक्षरांची आहे. वायकिंग काळात ती सोळावर आली. नेटवर 'वायकिंग रून्स' म्हणून जे तक्ते फिरतात ते घेऊन टॅटूवाल्याकडे जाऊ नका, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

दगड मूळचा आग्नेय नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गजवळच्या ट्यूने गावचा. १६२७मध्ये तो तिथल्या चर्चच्या कबरस्तानाच्या भिंतीत सापडला. गवंड्याला काय, चांगला लांब ग्रॅनाइटचा दगड, लावला भिंतीत. आपल्याकडचे किती शिलालेख देवळाच्या पायरीत सापडले ते आठवलं की त्या गवंड्यावर रागवता येत नाही.

लेख दोन बाजूंवर आहे. एकीकडे दोन ओळी, दुसरीकडे तीन. ओळी नांगराच्या तासासारख्या जातात: या टोकाला पोचल्या की वळून उलट्या परत. शब्दांत मोकळी जागा नाही. मी मोडी शिकलोय, त्यामुळे शब्द तोडून न लिहिण्याचं मला भय वाटत नाही. पण मोडीची ओळ निदान उलटी फिरत नाही.

पहिली बाजू देवनागरीत साधारण अशी: 'एक विवाझ आफ्टर वोदुरिदे वितादाहलाइबन वोराहतो', पुढे एक 'र' आणि दगड तुटलेला. हे 'एक' आपलं एक नव्हे, त्याचा अर्थ 'मी'. संस्कृत 'अहम्'चा हा भाऊ. 'मी, विवाझने, वोदुरिदझच्या मागे, त्या भाकरी राखणाऱ्याच्या मागे, कोरली…' तुटलेल्या 'र'पुढे 'रून' म्हणजे अक्षरं हा शब्द असणार, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

'भाकरी राखणारा' इथे थोडं थांबा, मला या दगडातलं सगळ्यात आवडतं ते हेच. 'हलाइबा' म्हणजे पाव, भाकरी. इंग्रजीतला 'लोफ' तोच. इंग्रजीतला 'लॉर्ड'सुद्धा जुन्या इंग्रजीत 'हलाफ-वेअर्ड', म्हणजे भाकरीचा राखणदार होता. म्हणजे या वोदुरिदझला राजा, सरदार असं काही म्हटलेलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला 'पोशिंदा' म्हटलंय.

आणखी एक गंमत. मूळ शब्द 'हलाइबा' नसून 'ह्लाइबा' आहे, आणि 'वोराहतो' हा 'वोर्हतो' आहे. कोरणाऱ्याने मध्ये 'अ' घातला. आपल्याकडे 'जन्म'चं 'जनम' आणि 'धर्म'चं 'धरम' होतं ना, तेच. रूनचे युरोपी अभ्यासकही या 'अ'ला 'स्वरभक्ती' असंच म्हणतात; संज्ञा सरळ आपल्या व्याकरणकारांकडून उचललेली आहे. 'वितादाहलाइबन', म्हणजे 'भाकरी राखणारा', या शब्दातच 'वितांदा'तला अनुनासिक गाळून 'वितादा' कोरलंय. ती चूक नव्हे. 'द'च्या आधीचा 'न' न लिहिण्याची या लिपीत सवयच होती.

आता तुमची बाजू. 'थ्रियोझ दोहत्रिझ दालिदुन आर्बिया', म्हणजे 'तीन मुलींनी आर्बिया …लं'. काय केलं, त्यावरच सगळा वाद आहे. 'दालिदुन'मध्ये एक 'इ' राहून गेली असं मानून 'दाइलिदुन' वाचलं तर 'वाटून घेतलं', आणि 'आर्बिया' म्हणजे 'वारसा'. मग अर्थ होतो: तीन मुलींनी वारसा वाटून घेतला. पाचव्या शतकाच्या तोंडावर मुलींना वारसाहक्क होता याचा पुरावा म्हणून हा दगड दाखवतात तो या वाचनावर. पण 'आर्बिया'चा दुसरा अर्थ मृताच्या नावाने दिलेलं जेवण असाही होतो. पुढच्या नॉर्समध्ये तसा शब्द आहे. रूनचे अभ्यासक ओट्टार ग्रोनविक यांनी १९८१मध्ये संपूर्ण लेख नव्याने लावला, तेव्हा 'इ' राहिली असं न मानता हाच अर्थ घेतला: मुलींनी ते जेवण नीट मांडलं. एका 'इ'वर मुली वाटेकरी ठरतात किंवा तेराव्याच्या यजमान. त्याआधी कार्ल मार्स्ट्रांडर यांनी १९३०मध्ये लावलेलं वाचन वारशाकडे झुकतं.

माझं मत विचाराल तर 'इ' गळली हे सिद्ध करण्यापेक्षा कोरलंय तसं वाचणं मला पटतं. पण लगेच पुढे 'आर्बियानो', म्हणजे 'वारसांमध्ये', असा शब्द येतो, आणि त्याच्या आधीच्या शब्दाचं वाचनही वादात आहे. म्हणजे जेवण धरलं तरी मुलींचा वारसाशी संबंध दगडावरून पुसला जात नाही. पुराव्याला घट्ट धरून एवढंच म्हणता येतं.

'थ्रियोझ दोहत्रिझ' मात्र बहुतेक सगळे सारखंच वाचतात, तेव्हा शब्दांबद्दल निश्चिंत राहा. 'दोहत्रिझ' आणि 'दुहितृ' एकाच घरचे आहेत, गोव्यात आजही कोंकणीत मुलीला 'धूव' म्हणतात तीही त्याच घरची. पण संस्कृतातून नॉर्स आली असं कुणी सांगितलं तर मानू नका. दोघी बहिणी आहेत, आई वेगळीच, आणखी जुनी. 'आर्बिया'चं नातं आपल्या 'अर्भक'शी जोडतात, ही त्याच घरातली आणखी एक ओळख. लहान, मागे राहिलेलं मूल असा मूळ अर्थ, त्यावरून वारस.

मंत्रतंत्र? या दगडावर नाही. स्वीडनमधल्या ब्योर्केतोर्पच्या दगडावर, जो मोडेल त्याच्यावर शाप आहे; पण म्हणून सगळ्याच रून जादूच्या होत नाहीत. इथे फक्त एक माणूस मेलाय, एकाने दगड कोरलाय आणि तीन मुलींचा उल्लेख आहे.

आता टॅटूबद्दल, आणि हे गंभीरपणे घ्या. तुमच्या दोन्ही शब्दांत 'ओ' हे अक्षर आहे: हिऱ्याच्या आकाराचं डोकं आणि खाली दोन फाकलेले पाय. नाझींच्या काही तुकड्यांनी ते चिन्ह म्हणून वापरलं आणि आजचे नवनाझीही वापरतात. अख्ख्या शब्दात, इतर अक्षरांइतकंच ठेवलं तर ते फक्त अक्षर राहतं. टॅटूवाले सजावट म्हणून एखादं अक्षर मोठं काढतात किंवा शब्दाखाली एकटं पुन्हा ठेवतात, तसं या 'ओ'चं होऊ देऊ नका. तुमच्यातली धाकटी जर्मनीत असते म्हणता, तिला तर हे आधी सांगा. डिझाइन आलं की इथे टाका, अक्षरं तपासून देतो.