दुपारी दीड ते संध्याकाळी सात

"शाळा दीडला सुटते, मी घरी पोचते सातला. मधले साडेपाच तास तो आणि मोबाइल. कुठे घालू त्याला, सांगा." पणजीत सांतिनेजला राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांत कीबोर्ड, कराटे आणि कोडिंग असे तीन क्लास लावून झाले होते, तिन्ही सुटले होते. आईच्या मते मुलगाच धरसोड्या.

प्रत्येक क्लास नेमका कशाने सुटला, हे विचारल्यावर चित्र बदललं. कीबोर्डला नवशिक्यांच्या बॅचमध्ये बाकी सगळी सात-आठ वर्षांची पोरं. त्यांच्या रांगेत बसून सा-रे-ग-म वाजवणं त्याला अपमानाचं वाटलं. कराटे पर्वरीला, म्हणजे रोज बसने मांडवी ओलांडायची. जूनचा पाऊस लागला आणि ते गेलं. कोडिंगची तीन महिन्यांची फी आगाऊ भरलेली, त्यामुळे एक तास बुडाला की घरात पैशांचा हिशेब निघे. आणि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी: तो आला नाही, तरी "का रे आला नाहीस?" म्हणून कुणी विचारलं नाही. या वयात मूल टिकतं ते बहुधा अशा विचारणाऱ्या माणसापाशी. कला कुठली, खेळ कुठला, हे नंतर.

पहिलं काम कागदावरचं. आठवड्याचा तक्ता करून रिकामे तास रंगवायचे. दीड ते चार सोडूनच द्यायचे. जेवण आणि दुपारची झोप हा गोव्यात आळस नव्हे, आणि त्या वेळेत उघडंही फारसं काही नसतं. उरले चार ते सात. मग घरापासून पायी वीस मिनिटांत काय आहे ते लिहायचं. सांतिनेजहून कांपालचं बालभवन आणि कला अकादमी या टापूत येतात. पाटोचं मध्यवर्ती ग्रंथालय थोडं लांब, पण सायकलच्या टप्प्यात. एनसीसीचाही विचार झाला. ज्युनियर विभागाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आठवीत नाव दिलं तर दहावीआधी संपतो, नववीत उशीर झालेला असतो.

यादीतल्या तीन जागा मुलाने स्वतः पाहायच्या, नाव न घालता. आईने तिथे चार गोष्टी विचारायच्या: नवशिक्यांच्या बॅचचं वय काय, एका शिक्षकामागे मुलं किती, वर्षभर शिक्षक तोच असतो का, आणि गैरहजेरी घरी कळवतात का. शेवटच्या प्रश्नाला "आमच्याकडे हजेरीपट असतो" असं उत्तर आलं तर ते "नाही" समजावं. फी महिन्याची भरायची, सहा आठवडे हा करार. त्याआधी सोडायचं नाही, नंतर सोडलं तर बोलणी खायची नाहीत.

मुलाने निवडलं ते यादीबाहेरचंच. गणेश चतुर्थीच्या आधी वाड्यावर, म्हणजे वस्तीत, घुमट आरतीची (घुमटाच्या तालावर गायच्या आरत्यांची) तालीम चाले, तिथे तो कठड्याला टेकून उभा राहायचा. घुमट म्हणजे तोंडाला चामडं लावलेलं मातीचं वाद्य, शामेळ हा काठ्यांनी वाजवायचा ढोल, कांसाळें म्हणजे झांजा, आणि वाजवणारे बारापासून साठ वर्षांपर्यंतचे. नवशिक्या चौदाचा की आठचा, हे अशा मेळात कुणी मोजत नाही. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, ते शेकून ताणावं लागतं. हे काम त्याच्याकडे आलं आणि त्याची तिथे गरज निर्माण झाली. आईला दोन धास्ती होत्या. तालमीनंतर मोठी माणसं पितात का? ते सरळ विचारून घेतलं आणि मुलाने नऊला घरी, असं ठरलं. दुसरी, शिकवणाऱ्या तरुणावर भरवसा कसा ठेवायचा? नियम साधे: बंद खोलीत दोघंच बसायचं नाही, रात्री खाजगी मेसेज नाहीत, "हे घरी सांगू नको" असं वाक्य आलं की ते पहिलं घरीच सांगायचं. गडबड वाटली तर मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

चतुर्थी झाली आणि तालीम बंद पडली. महिन्याभरात मोबाइल परत हातात. हंगामी उपक्रमाचा हा दोष आधीच धरायला हवा होता. तोडगा असा निघाला: त्या तरुणाने दर रविवारी सकाळी एक तास द्यायचा, निदान वर्षभर. मुदत मुद्दाम लांब ठेवली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं, की मार्गदर्शकाशी जोडी वर्षभर टिकली तर मुलांना सर्वाधिक फायदा होतो, आणि तीन महिन्यांच्या आत तुटली तर मुलाचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी होऊ शकतो. म्हणून उत्साहाच्या भरात होकार देणाऱ्यापेक्षा "रविवारीच जमेल, पण जमेल" म्हणणारा बरा. शिवाय मंगळवार-गुरुवार ग्रंथालय. तिथे तो अभ्यास करतो की गोष्टी वाचतो, हे विचारायचं नाही असं ठरलं. आईला हे सगळ्यात जड गेलं.

दहावी जवळ आली तसा आईचा पुढचा प्रश्न आला: "आता सगळं बंद करू ना?" ग्रंथालयाचे दोन दिवस शिकवणीला गेले. रविवारचा तास तेवढा ठेवला, परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा. फक्त त्या दिवशी घुमट वाजवायचंच असं नाही.