जुन्या खाणीत सापडलेलं लोहाचं सल्फेट खनिज नवीन आहे हे कसं ओळखतात?

रंगावरून तर अजिबात नाही. लोहाच्या सल्फेटांपैकी कोपियापाइटही पिवळं, जॅरोसाइटही पिवळं. खरा घोळ पाण्याचा असतो. आपलं हिराकस घ्या: हिरव्या स्फटिकात लोहाच्या एका अणूमागे पाण्याचे 7 रेणू. कोरड्या हवेत ठेवलं की त्यावर पांढरी भुकटी धरते, पाणी 4 रेणूंवर येतं आणि ते रोझेनाइट नावाचं वेगळंच खनिज होतं! म्हणून नमुना खाणीतच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि कृपा करून पाण्याने धुऊ नका, यातली बरीच विरघळतात.

मग चिमूटभर भुकटीचं क्ष-किरण विवर्तन करतात, म्हणजे भुकटीवर क्ष-किरण सोडून ते कोणत्या कोनांत परततात याचा आलेख काढतात. तो आलेख कुठल्याच ज्ञात खनिजाशी जुळला नाही, तरच पुढे रासायनिक घटक, लोह फेरस (दोन धन प्रभारांचं) की फेरिक (तीन धन प्रभारांचं) आणि स्फटिकाची रचना तपासायची. शेवटी आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाची मंजुरी लागते. शोधणाऱ्याला खनिजाला स्वतःचं नाव देता येत नाही.

मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या जेरोम गावाचं. तिथल्या युनायटेड व्हर्डे खाणीत जमिनीखाली लागलेल्या आगीमुळे तयार झालेली सल्फेटं कार्ल लॉसेन यांनी 1928 मध्ये वर्णन केली. त्यातल्या एकाला त्यांनी रॉजर्साइट म्हटलं, पण ते नाव आधीच वापरलेलं निघालं. मग जी. एम. बटलर या दुसऱ्या अभ्यासकाने त्याला लॉसेन यांच्यावरून लॉसेनाइट नाव दिलं.