एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पदवीचा संपूर्ण अभ्यासक्रम परदेशात करणे आणि इथल्या पदवीतील एखादे सत्र परदेशी विद्यापीठात पूर्ण करून परत येणे, या दोन वेगळ्या वाटा आहेत. या सदराकडे आलेल्या पत्रांत त्यांची सरमिसळ वारंवार दिसते. या अंकात फक्त दुसऱ्या वाटेचा, म्हणजे विद्यार्थी देवाणघेवाणीचा किंवा विद्यार्थी ज्याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात त्याचा, विचार केला आहे.

प्रश्न : मी पुणे जिल्ह्यातील एका संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षाचे एक सत्र जर्मनीत शिकण्याची इच्छा आहे. एका सल्लागाराने जर्मन विद्यापीठाकडे थेट अर्ज करून देण्यासाठी मोठी रक्कम मागितली आहे. ती द्यावी का?

देऊ नये. एक्स्चेंज हा दोन शिक्षणसंस्थांमधला करार असतो आणि त्या करारात सल्लागाराला कोणतेही स्थान नसते. तुमची संस्था तिच्या विद्यार्थ्यांपैकी काहींची निवड करते आणि त्यांची नावे परदेशी विद्यापीठाला कळवते; याला नामनिर्देशन किंवा नॉमिनेशन म्हणतात. नाव कळवल्यानंतरच परदेशी विद्यापीठ विद्यार्थ्याला अर्जाचा दुवा पाठवते आणि तो अर्ज बहुतेक वेळा औपचारिक स्वरूपाचा असतो. खरी निवड तुमच्याच संस्थेत होते, आणि म्हणूनच पहिला अर्जही तिथेच करायचा असतो. विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय केंद्र, महाविद्यालयातील आंतरराष्ट्रीय संबंध पाहणारे प्राध्यापक किंवा तुमचे विभागप्रमुख यांच्याकडे जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या विद्यापीठांशी करार आहे, तो सध्या लागू आहे का, आणि तुमच्या शाखेसाठी त्यात किती जागा आहेत. सामंजस्य करारावर सह्या झाल्याची छायाचित्रे संकेतस्थळावर झळकत असतात, पण करारात विद्यार्थ्यांच्या जागांचा उल्लेख नसेल तर त्याचा तुम्हाला उपयोग नाही. तेव्हा तिसरा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

कराराचा मोठा लाभ शुल्काबाबत मिळतो. विद्यार्थी आपल्या संस्थेत नेहमीचे शुल्क भरत राहतो आणि यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत तसेही शिक्षणशुल्क नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात आणि करारातून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट असते. कराराविना स्वतःहून जाणाऱ्याला ही सूट नाही, आणि परत आल्यावर त्याच्या गुणपत्रकाची जबाबदारी इथे कोणी घेतलेली नसते.

तुमचे महाविद्यालय संलग्न असल्यामुळे आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची असते, महाविद्यालयाची नव्हे. म्हणून करार महाविद्यालयाने स्वतंत्रपणे केलेला असेल, तर त्या सत्राचे श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठाचा परीक्षा विभाग मान्य करील असे पत्र आधी हाती असायला हवे. स्वायत्त महाविद्यालयात हा निर्णय महाविद्यालयाच्या पातळीवर होऊ शकतो, तुमच्या बाबतीत तो तिथे होणार नाही.

प्रश्न : मी मुंबईतील एका स्वायत्त महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकते आणि युरोपातील एका विद्यापीठासाठी माझी निवड झाली आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी असेच एक सत्र करून आली, तेव्हा तिचे विषय मान्य झाले नाहीत आणि तिला ते सत्र पुन्हा करावे लागले. हे टाळण्यासाठी मी काय करू?

या महिन्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. निवड झाल्याच्या आनंदात विद्यार्थी विमानाचे तिकीट, राहण्याची खोली आणि थंडीचे कपडे यांच्या मागे लागतात आणि ज्या कागदावर त्यांचे वर्ष अवलंबून आहे तो कागद ‘नंतर पाहू’ म्हणून मागे राहतो. तो कागद म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट. तुम्ही परदेशात कोणते विषय घेणार, त्यांचे श्रेयांक किती आणि इथल्या कोणत्या विषयांच्या जागी ते धरले जाणार, हे त्यात लिहिलेले असते. त्यावर विद्यार्थिनी, तिची संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. ‘परत आल्यावर बघू, काही अडचण येणार नाही’ हे तोंडी आश्वासन कितीही सदिच्छेने दिलेले असले तरी स्वीकारू नये, कारण ते देणारे प्राध्यापक तुम्ही परत येईपर्यंत त्या पदावर असतीलच असे नाही.

विषयांची तुलना केवळ नावावरून होत नाही. यजमान विद्यापीठाच्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम मिळवावा, आपल्या अभ्यासक्रमाशेजारी तो मांडावा आणि विषयशिक्षकांकडून मजकुराचा मेळ तपासून घ्यावा. मेळ बसत नसेल तर तो विषय ऐच्छिक विषयाच्या जागी घेता येतो का, हे विचारावे. आपल्याकडे बहुधा तिथेच मोकळीक असते. अनिवार्य विषयाला पर्याय मिळत नसेल, तर तो विषय आधीच्या किंवा नंतरच्या सत्रात देण्याची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर तुमच्या नावावर विनाकारण एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, दिसेल.

श्रेयांकांचे गणितही समजून घ्यावे. श्रेयांक मोजण्याच्या युरोपातील ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक आणि १,२०० तास मानले आहेत. याचा अर्थ तिथले ३० श्रेयांकांचे पूर्ण सत्र इथल्या २० श्रेयांकांच्या सत्राच्या जागी ठेवणे न्याय्य ठरते. मात्र कार्यालयात कोणी ‘एकास एक’ असे धरून बसले, तर तिथे २० श्रेयांकांचे विषय घेऊन विद्यार्थिनी निश्चिंत राहते आणि यजमान विद्यापीठाच्या दृष्टीने तिचे सत्र अपुरे ठरते. उलट बाजूनेही असा घोटाळा होऊ शकतो. म्हणून गुणोत्तर कोणते, ते लर्निंग ॲग्रीमेंटमध्येच आकड्यांत लिहून घ्यावे.

गुणांचे रूपांतर हा विषय तर याहून नाजूक आहे. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते, ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. दहापैकी गुण पाहण्याची सवय असलेल्या नजरेला १.७ ही श्रेणी नापासाची वाटते; प्रत्यक्षात ती उत्तम असते. फ्रान्समध्ये वीसपैकी गुण देतात, १० ला उत्तीर्ण धरतात आणि १६ च्या वर गुण क्वचितच मिळतात. तिथले १३ गुण सरळ टक्केवारीत बदलून ६५ टक्के लिहिले, तर चांगल्या विद्यार्थिनीचे नुकसान होते. रूपांतराचे कोष्टक आपल्या संस्थेत ठरलेले आहे का, याची चौकशी करावी. नसेल तर त्या सत्राचे गुण सरासरीत न धरता फक्त ‘उत्तीर्ण’ अशी नोंद करता येईल का, असा अर्ज जाण्यापूर्वीच द्यावा. गुण हाती आल्यावर केलेला असा अर्ज, तो कितीही रास्त असला, तरी सोयीसाठी केलेला वाटतो.

वेळापत्रकाकडेही लक्ष हवे. जर्मनीतील हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३१ मार्चला संपते आणि तिथली व्याख्याने साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपले पहिले सत्र जून-जुलैपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत असते. म्हणजे तिथले एक सत्र इथल्या दोन सत्रांच्या मध्ये येते, आणि विद्यार्थी ऑक्टोबरमध्ये निघाला तर त्याच्या इथल्या परीक्षा राहून जातात. स्वीडन किंवा फ्रान्समध्ये शरद सत्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्यामुळे आपल्या पहिल्या सत्राशी ते बरेच जुळते. दोन विद्यापीठांमधून निवड करायची संधी असेल, तर नावाच्या मोठेपणापेक्षा हे वेळापत्रक आधी पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिथे पोहोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला आढळतो किंवा दोन विषयांच्या वेळा एकमेकींवर येतात. असे झाले तर सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच बदल कळवून इथून लेखी होकार मिळवावा. परतताना यजमान विद्यापीठाचे अधिकृत गुणपत्रक कधी आणि कोणाकडे पाठवले जाईल, हे विचारून निघावे. परदेशी विद्यापीठ तुमच्या ‘एबीसी’ खात्यात, म्हणजे शैक्षणिक श्रेयांक पेढीत, स्वतःहून काही जमा करत नाही. ते काम तुमच्या संस्थेचे आहे आणि त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

प्रश्न : माझ्या मुलाची एका जर्मन विद्यापीठात सहा महिन्यांसाठी निवड झाली आहे. शिक्षणशुल्क नाही असे सांगतात, मग खर्च नेमका कशाचा आणि किती धरावा? आम्ही नागपूरला राहतो आणि दोघेही नोकरी करतो.

राहणे, जेवण, आरोग्य विमा आणि प्रवास यांचा खर्च तुमचा असतो. नव्वद दिवसांहून अधिक मुक्कामासाठी पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, त्या देशाचा दीर्घ मुक्कामाचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यासाठी निर्वाहाची सोय असल्याचा पुरावा द्यावा लागतो. बहुतेक विद्यार्थी तो ‘ब्लॉक्ड अकाऊंट’ उघडून देतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठी महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, असा दर लागू झाला. त्यानुसार सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. एका युरोला शंभर रुपये धरले तर ही रक्कम सहा लाखांच्या जवळ जाते. मात्र हे पैसे कोणाला द्यायचे नसतात. ते मुलाच्या नावावरच राहतात आणि तिथे पोहोचल्यावर दरमहा ठरलेल्या हप्त्याने त्याला वापरता येतात. ही रक्कम वेळोवेळी वाढते, म्हणून व्हिसाचा अर्ज करताना वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरील आकडाच प्रमाण मानावा.

याशिवाय विद्यापीठाला सत्रनिधी द्यावा लागतो. शहरानुसार तो कमीअधिक असतो आणि अनेक ठिकाणी त्यात स्थानिक प्रवासाचा पास येतो. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य विमा सवलतीच्या दरात मिळतो. त्यासाठी महिन्याला १४० युरोंच्या आसपास रक्कम धरावी. वसतिगृहातील खोलीसाठी अर्ज निवडीच्या दिवशीच करावा, कारण जर्मनीतील मोठ्या शहरांत सर्वाधिक ओढाताण खोलीवरून होते. खोली प्रत्यक्ष पाहण्याआधी अनोळखी माणसाच्या खात्यात अनामत रक्कम पाठवू नये. विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा असली, तरी सहा महिन्यांसाठी गेलेल्या मुलाने कमाईवर भिस्त ठेवून हिशेब मांडू नये. त्याच्या अभ्यासाचा वेळ त्यात जातो.

मदतीचा एक मार्ग आहे. ‘इरॅस्मस प्लस’ या युरोपीय कार्यक्रमात भारतीय विद्यापीठ सहभागी असेल आणि त्या विशिष्ट युरोपीय विद्यापीठाबरोबर त्याचा प्रकल्प मंजूर झालेला असेल, तर निवडलेल्या विद्यार्थ्याला देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्चासाठी रक्कम मिळते. त्यासाठी वेगळा अर्ज युरोपात करायचा नसतो, निवड संस्थांमार्फतच होते. ‘इरॅस्मस मुंडुस’ मात्र निराळे. ती पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठीची शिष्यवृत्ती आहे.

प्रश्न : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून एक्स्चेंजचा खर्च मिळेल का? (विद्यार्थी, लातूर)

नाही. महाराष्ट्र शासनाची ही शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशातील पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. यांसाठी आहे. पुढे पूर्ण पदवीसाठी जाण्याचा तुमचा विचार असेल, तर तेव्हा तिचा अवश्य लाभ घ्यावा.

प्रश्न : मी पुण्यात जपानी भाषेचा अभ्यास करते. जपानच्या एका विद्यापीठाशी आमच्या संस्थेचा करार आहे. तिथली प्रक्रिया युरोपसारखीच असते का?

नामनिर्देशनापर्यंत ती सारखीच असते. पुढे जपानमध्ये यजमान विद्यापीठ तुमच्या वतीने तिथल्या स्थलांतर विभागाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ मिळवते आणि ते हाती आल्यावर तुम्ही व्हिसासाठी अर्ज करता. ते प्रमाणपत्र निघायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाने मागितलेली बँकेची कागदपत्रे एका दिवसाचाही उशीर न करता पाठवावीत. जपानमध्ये वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि दुसरे सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये. ‘जासो’ या जपानमधील विद्यार्थी सेवा संस्थेची महिन्याला ८०,००० येनची शिष्यवृत्ती एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांना मिळू शकते. त्यासाठी शिफारस यजमान विद्यापीठ करते, म्हणून अर्जातील त्याविषयीचा रकाना रिकामा सोडू नये. तिथे राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव नोंदवावे लागते आणि त्यानंतर उपचारांचा ३० टक्के खर्च रुग्णाकडे राहतो. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. निवडीची तारीख पाहून तुमची पातळी आधीच्या परीक्षेत सिद्ध करता आली तर अर्जाला बळ येते.

प्रश्न : मी गोव्यात फ्रेंच विषयात एम. ए. करतो. माझे गुण मध्यम आहेत. एसओपी (हेतुपत्र) चांगली लिहिली तर निवड होऊ शकते का? नमुना कुठे मिळेल?

होऊ शकते, आणि ती नमुना न पाहता लिहिली तर शक्यता अधिक. नमुन्यावरून उतरवलेली हेतुपत्रे निवड समितीला पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतात, कारण त्यांत ‘लहानपणापासूनची आवड’ असते आणि त्या विद्यापीठाचे नाव बदलून दुसरे टाकले तरी काही बिघडत नाही. तुम्ही त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील कोणते दोन किंवा तीन विषय घेणार आहात, ते गोव्यात का उपलब्ध नाहीत आणि परत येऊन तुमच्या प्रबंधात किंवा अध्यापनात त्यांचा काय उपयोग होणार, एवढे लिहावे. मध्यम गुणांविषयी सबब देत बसू नये. एखाद्या सत्रात गुण घसरण्यामागे आजारपणासारखे कारण असेल तर ते एका वाक्यात सांगून पुढे जावे. पत्र फ्रेंचमध्ये लिहिले असेल तर ते तुमच्याच पातळीचे असू द्यावे, कारण मुलाखतीत तीच भाषा बोलावी लागते.

शिफारसपत्र ज्येष्ठ प्राध्यापकांकडूनच हवे असा समज आहे. ज्यांनी तुमचे लेखन तपासले आहे आणि ज्यांना तुमच्या कामाविषयी नेमके काही सांगता येईल, अशा शिक्षकांचे पत्र अधिक उपयोगी पडते. त्यांना निदान तीन आठवडे आधी विनंती करावी आणि सोबत तुमचे हेतुपत्र, गुणपत्रके व अर्जाची अंतिम तारीख लिहून द्यावी. पासपोर्ट काढलेला नसेल तर त्याचा अर्ज याच आठवड्यात करावा, कारण अनेक संस्था नामनिर्देशनाच्या वेळीच पासपोर्टचा क्रमांक मागतात.