लंडन हिथ्रो ते फ्रँकफर्ट विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ रेषेत साधारण ६५५ किमी, आणि तिकिटावर दीड ते पावणेदोन तास दिसतात. अंतर दोन्ही एअरपोर्टच्या अक्षांश-रेखांशावरून काढलेलं आहे, प्रत्यक्षात विमान थोडं वळसे घेतच जातं. हवेत तसं सव्वा तासाच्या आसपासच असतं, बाकीचा वेळ गेटवरून रनवेपर्यंत रांगेत सरकण्यात आणि उतरल्यावर पार्किंगला पोचण्यात जातो, तो एअरलाइनवाले आधीच धरतात. फक्त घड्याळाचा घोळ करू नका, जर्मनी १ तास पुढे आहे, म्हणजे १० ला निघालात तर तिथे साडेअकरा नाही, साडेबारा-पाऊण वाजलेले असतील. परतीला उलटं, तिकीट बघून वाटतं अर्ध्या-पाऊण तासात पोचलो की! पण येताना बहुतेक वेळा वारा समोरून असतो आणि हिथ्रोवर गर्दी असली की वरच घिरट्या घालायला लावतात.