फोटो सगळ्यांना आवडला, पण मुलगी भेटायलाच तयार नाही

"मुलगी स्थळांना भेटायला जात नाही. बाहेर काही प्रकरण आहे का, तेवढं तुम्ही तिच्याकडून काढून घ्या, ताई." दांडिया बाजारातून आलेल्या एका आईंची ही मागणी. मी समुपदेशनाचं काम करते; बडोद्यातल्या मराठी घरांमधून अशी तक्रार माझ्याकडे वरचेवर येते आणि मुलगा गुजराती असणार, हेही बहुतेक आयांनी येण्याआधीच ठरवलेलं असतं. इथे मुलगाच नव्हता, ना गुजराती, ना मराठी. मुलीला आपण मुक्ता म्हणू. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुक्ता २६ वर्षांची, एका कंपनीत अकाउंट्स पाहणारी. बोलायला मोकळी होती, पण लग्नाचा विषय निघाला की मान खाली. दुसऱ्या भेटीत म्हणाली, "मला लग्न नकोय असं नाही. पण त्या लोकांना फोटो आवडलाय ना. फोटोतली थोडीच जाणार आहे? मलाच जावं लागणार."

मग तिने तो फोटो दाखवला. स्टुडिओत काढलेला. नाक बारीक केलेलं, हनुवटी निमुळती, रंग चांगलाच उजळलेला. मुक्ता सावळी आहे, बायोडेटावर मात्र "वर्ण : गोरा". हे कोणी करायला सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "आईने." दिवसभर फिल्टर लावून सेल्फी काढते म्हणून हीच आई तिला रोज बोलत होती.

याहून तातडीची गोष्ट मला तिच्या गालांवर दिसत होती. लाली, बारीक लाल शिरा, पुरळ. घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घरी मेकअप असायचा आणि ॲक्टिव्हावर डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली ओढणी. ती तर आपल्याकडे सगळ्याच मुली बांधतात. एका रीलमध्ये पाहून तिने मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. पहिले काही आठवडे चेहरा खरोखरच उजळला. नंतर एक दिवस लावली नाही तरी आग आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड ही तीन औषधं एकत्र असतात. वांगावर डॉक्टर ते काही आठवड्यांपुरतं, देखरेखीखाली देतात. २०१८मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि तिला आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. चेहरा निवायला काही महिने गेले.

आई म्हणाल्या, "सगळं त्या मोबाइलचं. आमच्या वेळीही टीव्ही होता, आम्हाला काही झालं नाही." यावर मी त्यांना फिजी या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशातला प्रकार सांगितला. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५मध्ये टीव्ही आला. अंगाने भरलेली बाई तिथे चांगली मानली जायची. ॲन बेकर या संशोधिकेने तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं, तर वजन उतरवायला उलटी काढते असं एकीनेही सांगितलं नाही. १९९८मध्ये तसं सांगणाऱ्या ११.३ टक्के होत्या. आणि आपल्याकडे? गोरेपणाची क्रीम लावली की नोकरी आणि नवरा दोन्ही मिळतात, हे आपल्या टीव्हीने वर्षानुवर्षं दाखवलं. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीच्या नावातलं "फेअर" २०२०मध्ये गेलं, पण तोवर ते आईंच्या पिढीच्या नजरेत पुरतं बसलेलं होतं. "काही झालं नाही" म्हणणाऱ्या बाईनेच स्टुडिओवाल्याला "जरा उजळ करा" सांगितलं होतं. मी हे त्यांना ऐकवलं नाही; त्या हुशार होत्या, गप्प झाल्या.

खरं तर छापील चित्राची करामत याहून जुनी आहे, आणि त्यात बडोद्याचाही हात आहे. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रं काढून घेतली. पुढे १८९४मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. भरल्या अंगाच्या, गोऱ्यापान. आज अंग काडीसारखं लागतं, रंग मात्र तोच लागतो.

मुक्ताची मुख्य तक्रार नाकाची होती: "फताडं आहे." मी तिच्या फोनवर तिचा एक फोटो अगदी जवळून काढला, दुसरा खोलीच्या त्या टोकाला जाऊन झूम करून. दोन नाकं वेगळी दिसत होती. यात जादू नाही. नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतं, त्यामुळे जवळून ते मोठंच येतं. २०१८मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला होता: १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. मुक्ता अकाउंट्सवाली, आकडा तिला पटला. ती आधी सेल्फी काढून स्वतःचं नाक मोठं करून घेत होती आणि मग फिल्टर लावून ते बारीक करत होती.

घरासाठी मी एकच पथ्य दिलं: महिनाभर मुक्ताच्या दिसण्यावर कोणी बोलायचं नाही. "नाकीडोळी नीटस, फक्त जरा सावळी" म्हणणाऱ्या आत्यानेही नाही आणि "छान दिसतेस गं" म्हणणाऱ्या बाबांनीही नाही. बाबा दुखावले. पण कौतुकाने तिला दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग ती पुन्हा विचारायची, "खरंच?" विषय चेहराच राहायचा. फोनचं काम तिने स्वतः केलं. त्वचा उजळवणाऱ्या रील्सवर न थांबता "यात रस नाही" दाबत गेली. आपण जिथे थांबतो तेच आणखी समोर येतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

भांडण झालं ते नव्या फोटोवरून. "स्थळं येणार नाहीत," आई म्हणाल्या. कमी येतील, हे मी नाकारलं नाही. शादी डॉट कॉमने २०२०मध्ये रंगावरून मुली निवडायची सोय काढून टाकली, फोनवर "मुलगी उजळ आहे ना?" विचारणाऱ्या मावश्यांचं काय करणार? तरीही वर्णाची ओळ खोडली आणि पालिकेच्या बागेत बहिणीने काढलेला साधा फोटो गेला. दोन घरांनी "कळवतो" म्हणून कळवलं नाही. मुक्ताला वाईट वाटलं, आईंना जास्त. तिसऱ्या मुलाला ती स्वतः जाऊन भेटली आणि तिनेच नकार दिला. तो तासभर फक्त स्वतःच्या पगाराबद्दल बोलला म्हणे.

फिल्टर तिने सोडलेला नाही. नवरात्रात गरब्याचे फोटो सजवून टाकते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मुलगी मजेने फोटो सजवत असेल तर आयांनी तिच्यामागे लागू नये. पण एखाद्याच अवयवाचा विचार रोज तासाहून जास्त वेळ डोक्यात फिरत असेल, त्यापायी कॉलेज किंवा नोकरी बुडत असेल, किंवा जेवण टाळणं, जेवून उलटी काढणं सुरू झालं असेल, तर नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. वर्तनोपचार आणि गरज पडली तर औषधं, या दोन्हींनी अशा त्रासात फरक पडतो.